दाराचं माप

परवा माझी नातसून मला सोफा बघायला दुकानात घेऊन गेली. आजेसासरा बरोबर असला की दुकानदार फसवणार नाही, असा तिचा समज. मी त्या सोफ्याभोवती एक फेरी मारली, बैठक हाताने दाबली, खाली वाकून पाय बघितले (ते बघून वाईट वाटलं, पण ते असो) आणि दुकानदाराला विचारलं, "हा आमच्या दारातून बाहेर निघेल का?" तो हसायला लागला. म्हणाला, "आजोबा, लोक आत जाईल का ते विचारतात. तुम्हाला आणण्याआधीच बाहेर काढायची घाई!" नातसूनही हसली. घरी येताना मी गप्प होतो, तर तिला वाटलं सोफा माझ्या पसंतीला उतरला नाही.

त्यानंतर लगेच या दिवाळी अंकाच्या संपादकांचं बोलावणं आलं. सुतारकामाच्या आठवणी लिहा म्हणाले, वाचकांना उपयोग होईल असं काही द्या, बैठकीची खोली कशी सजवावी वगैरे. सजवावी हा शब्द मला आवडत नाही. सजवायची असते ती नवरी. खोलीत माणसं बसतात, उठतात, भांडतात, झोपतात. त्यांना ते सगळं नीट करता यावं एवढंच सुताराचं काम. पण त्यांनी विचारलंय तर जे ठाऊक आहे ते सांगतो. आणि ते सांगायचं तर मला उत्तनच्या एका घराची गोष्ट सांगावी लागेल. ती सणासुदीला सांगण्यासारखी नाही हे आधीच कबूल करतो.

मी मूळचा भाईंदरजवळच्या मोरव्याचा. तरुणपणी मुंबईत एका फर्निचरच्या कारखान्यात काम शिकलो. तिथले मुख्य मिस्त्री कच्छी होते, दाढीवाले, तोंडाने फटकळ, पण हातात कसब असं की फळीवरून नुसती बोटं फिरवून गाठ कुठे लपलीय ते सांगत. गिऱ्हाइकाच्या घरी गेलो की मी टेप काढून सरळ खोलीत शिरायचो. एकदा त्यांनी माझी कॉलर धरून मला मागे ओढलं. "पहले दरवाजा नाप, गधे. कमरा पीछे." मी विचारलं, "क्यों?" तर म्हणाले, "जो चीज घर से निकल नहीं सकती, वो चीज नहीं है, दीवार है." त्या वयात मला वाटलं, घर बदलताना अडचण नको म्हणून सांगतायत.

पुढे वडिलांची तब्येत बिघडली आणि मी गावी परतलो. एकोणीसशे तीसनंतरची गोष्ट. भाईंदरला तेव्हा बैठकीची खोली करून घेणारे लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मिठागरवाले दोन-चार शेठ, रेल्वेतले बाबू, आणि समुद्रकाठच्या उत्तनकडची क्रिस्तांव, म्हणजे ख्रिस्ती घरं, ज्यांची मुलं बोटीवर नाहीतर मुंबईच्या हापिसात नोकरीला होती. बाकीच्यांच्या घरात पुढची खोली म्हणजे सगळ्याची खोली. भात, जाळी, पाहुणे, आजारी माणूस, सगळं तिथेच.

एका मिठागरवाल्या शेठला मी मुंबईसारखा गादीचा कोच करून दिला होता. साहेबलोक येतील तेव्हा बसायला. साहेब वर्षातून एकदा यायचा आणि दारातच उभा राहून निघून जायचा. घरातल्या कुणाला त्या कोचावर बसायची परवानगी नव्हती. शेठाणी जन्मभर त्याच्यासमोर जमिनीवर बसून तांदूळ निवडत राहिली. मला तो कोच माझ्या कामांत धरावासा वाटत नाही. खोली चांगली की वाईट हे कोण कुठे बसतंय त्यावरून कळतं, आणि त्या खोलीत कुणीच बसत नव्हतं.

तेव्हापासून मी एक पद्धत ठेवली. नव्या घरी गेलो की आधी दाराचं माप घ्यायचो आणि मग पाणी मागायचो. तहान नसली तरी मागायचो. पाणी आणणारी बाई कुठून येते, कुणाच्या पायावरून जाते, कुठे अंग चोरते, म्हातारं माणूस उठताना कशाला धरतं, मुलं कुठल्या कोपऱ्यात पळतात, हे पाणी पिता पिता दिसतं. त्यानंतर दोरी काढायची आणि बसणाऱ्याच्या गुडघ्यामागून टाचेपर्यंतचं माप घ्यायचं. बैठकीची उंची तीच. खुर्ची कितीही देखणी असो, पाय लोंबकळले की माणूस अर्ध्या तासात उठतो.

आणि तिसरी गोष्ट, जी मला कुणी शिकवली नाही, ती उत्तनला कळली. तिथे घरातलं कुणी वारलं की पुढची खोली रिकामी करतात. टेबल, खुर्च्या, कपाट, सगळं अंगणात. मधोमध माणसाला ठेवतात, पाय दाराकडे, भिंतीशी आल्तार, म्हणजे क्रूस आणि मेणबत्त्या मांडलेलं टेबल, भोवती बायका माळेची प्रार्थना म्हणत बसतात. मग पेटीतून त्याला त्याच दाराने बाहेर नेतात. सुतार फक्त खुर्च्याच करत नाही, ती पेटीही त्यालाच करावी लागते. पहिली पेटी केली तेव्हा मला कच्छी मिस्त्रींचं बोलणं कळलं. खोलीतली प्रत्येक वस्तू बाहेर निघाली पाहिजे, कारण एक दिवस ती काढायला फारसा वेळ मिळत नाही. तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला न सांगता प्रत्येक खोलीचा आराखडा करताना मनातल्या मनात एक पेटी त्या खोलीतून फिरवून दाराबाहेर काढायचो. गिऱ्हाईक म्हणायचं मिस्त्री विचार करतोय.

आता इनासचं घर.

इनास बोटीवर खलाशी होता. उंच, लांबलचक पायांचा, बोलताना सारखा हसणारा. लढाई सुरू व्हायच्या आधीच्या सुट्टीत तो स्वतः मोरव्याला येऊन मला घेऊन गेला. घरात तो, त्याची बायको मोनी, म्हातारी आई फिलूबय, आणि मागच्या दोन खोल्यांत धाकटा भाऊ जुजे, त्याची बायको आणि पोरं. जुजे मासेमारी करायचा. बापाने मरताना पुढची खोली इनासला दिली होती आणि मागचा भाग जुजेला. मोनीला मूल नव्हतं.

खोली आडवी लांब, पण पुढच्या भिंतीपासून मागच्या भिंतीपर्यंत अरुंद. दार मधोमध नाही, एका कोपऱ्यात. दारातून पावसाळी वारा सरळ आत यायचा आणि रस्त्यावरून जाणाऱ्या येणाऱ्याला आत बसलेल्या बायका दिसायच्या. मी पाणी मागितलं. मोनी पाणी घेऊन आली तेव्हा दाराशी आल्यावर तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला, आणि मला कळलं की या खोलीला आधी आडोसा हवा.

इनासचं सगळं ठरलेलं होतं. "मिस्त्री, खुर्च्या नकोत. एकच लांब बाक, हितं, खिडकीखाली. बोटीवर असतो तसा, जमिनीला ठोकलेला. तुफानात बोट उलटीपालटी झाली तरी हलत न्हाय."

"इथे कुठलं तुफान येतंय?" मी म्हटलं. "आणि पाठ खिडकीला? समुद्र दिसायचा नाही मग."

"समुद्र बघून डोळं किटलं माजं. घरात आलो की मना दार बघाचाय. दारातून कोन येतंय तं बघाचाय."

फिलूबय आतून ओरडली, "कोन येनार? तूच येतंस वर्षाकाठी पावन्यावानी."

बाकावर तिघांनी बसायचं होतं, म्हणून मी तिघांची मापं घेतली. इनासची जागा दाराकडच्या टोकाला, त्याच्या लांब पायांच्या बेताने उंच आणि खोल. मधली मोनीची. पलीकडच्या टोकाला फिलूबयची. तिचे पाय कुठल्याच बैठकीवरून जमिनीला टेकत नसत, म्हणून तिच्या जागेपुढे एक पायफळी केली. बैठकीखाली तीन कप्पे, वर उचलायची झाकणं. दाराच्या टोकाला डोक्यापेक्षा उंच असा फळ्यांचा आडोसा, म्हणजे वारा अडेल आणि रस्त्यावरची नजरही. त्यात बसल्या डोळ्यांच्या उंचीला एक बारीक फट ठेवली, म्हणजे बाकावरून दार दिसेल. लाकूड चेण्याच्या जंगलातलं सागवान. खिळा एकही नाही, कारण तिथल्या खाऱ्या हवेत खिळा दोन पावसाळ्यांत गंजून लाकूड खातो. सगळं सांध्यात आणि लाकडी खुंट्यांवर.

जमिनीला ठोकायला मात्र मी साफ नकार दिला. खुंट्या काढल्या की आडोसा वेगळा, बाक वेगळा, दोघं दाराबाहेर, असं केलं. इनासला कारण सांगितलं नाही. नव्या खोलीत उभं राहून कुणाला पेटीचं कसं सांगायचं? तो हसला आणि म्हणाला, "बरं, तुजा हट. पुढल्या टायमाला ठोकून घेईन." बाक बसवून झाला त्या संध्याकाळी तिघं त्याच्यावर ओळीने बसले आणि मी समोर उभा होतो. फिलूबयने पायफळीवर पाय ठेवले, मग उचलले, मग परत ठेवले. म्हणाली, "माजं पाय जमिनीला लागलं रं." एवढा आनंद मला दुसऱ्या कुठल्या कामाने दिला नाही, आणि तो लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

इनास बोटीवर गेला आणि लढाई लागली. पहिली दोन वर्षं तो मधून मधून यायचा. मग एकदा बोटीच्या हापिसातला माणूस उत्तनला आला आणि सांगून गेला की बोट बुडाली, कुणीही सापडलं नाही. तो माणूस त्या बाकावरच बसला होता म्हणे, इनासच्या जागेवर, आणि मोनी त्याला पहिल्यांदा एवढंच म्हणाली की तिथे बसू नका.

ते दिवस सगळ्यांनाच वाईट. तांदूळ मिळेना, रॉकेल मिळेना. जुजेचं मागचं छप्पर गळत होतं आणि ते शाकारायला काही मिळत नव्हतं. सुकवलेले बोंबील आणि जाळी ओली होऊन कुजायची. त्या कुबट वासात त्याची पोरं झोपायची, खोकायची. मी त्याला वाईट म्हणत नाही. पुढची खोली कोरडी होती आणि तिच्यात एक बाई आणि एक म्हातारी राहत होत्या. तो मोनीला म्हणाला, "वयनी, इनासच्या नावाची मिसा करू, खोली मोकली करू. त्या दिशी सामान भायेर काढलं की मंग मी माजी मासली हितं ठेवीन." मिसा म्हणजे गेलेल्यासाठी चर्चमध्ये म्हणतात ती प्रार्थना. आणि वयनीने काय करायचं? ते तो बोलला नाही. तिचं माहेर जवळच्या डोंगरी गावात होतं, तिथे भाऊ होते. मूल नसलेली विधवा कुठे जाते ते सगळ्यांना माहीत होतं.

मोनीने मला बोलावलं. मी गेलो तेव्हा ती बाकावर नव्हती, त्याच्यासमोर जमिनीवर बसली होती.

"मिस्त्री, ह्या बाकाच्या खुंट्या काढ नि पाय जमिनीत पूर. आडोसापन. असा कर की चार गडी लागले तरी हालाचा न्हाय."

"मोनीबाय, खोली अडून जाईल."

"अडू दे. मिसा झाली की सगलं भायेर काढतील. खुर्ची काढतील, टेबल काढतील, त्याच्यामागं मना काढतील. ह्यो बाक हितं हाय तवर खोली इनासची हाय. नि मी इनासची हाय."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "उद्या या खोलीतून कुणाला न्यायची वेळ आली तर? आडोशाला अडून पेटी वळायची नाही."

तिने आवाज चढवला नाही. "ज्याला हितनं न्यावाचा होता त्याला दर्यानं नेलाय. आता कोनाला न्यावाचाय?"

आतल्या दारात फिलूबय उभी होती. तिने ऐकलं असणार.

मी ते काम केलं. जोत्यात खड्डे घेतले, बाकाच्या पायांना नवे जोड दिले, ती टोकं विस्तवावर करपवून वर होडीला लावतात ते डांबर लावलं, म्हणजे वाळवी लागत नाही. खड्ड्यांत पाय उतरवून दगड आणि चुना ठासला. आडोशाच्या फळ्या बाकात आणि भिंतीत सांधल्या. माझ्या धंद्यातल्या सगळ्यात पहिल्या नियमाच्या विरुद्ध होतं ते, आणि माझ्या हातून झालेलं सगळ्यात पक्कं काम तेच. कच्छी मिस्त्रींच्या हिशेबाने मी घरात एक भिंत बांधली होती.

मिसेच्या दिवशी मी चर्चला गेलो आणि मग त्यांच्या घरी. जुजे चार गडी घेऊन आला होता. टेबल बाहेर गेलं, खुर्च्या गेल्या, पाण्याची तिवई गेली. मग चौघांनी बाकाला हात घातले. बाक हलेना. त्यांनी परत जोर लावला. जुजेने खाली वाकून पायाशी ताजा चुना बघितला आणि माझ्याकडे बघितलं.

"मिस्त्री, ह्ये काय केलाव?"

"काम सांगितलं ते केलं."

"कुराड आना," जुजे गड्यांना म्हणाला. मोनी आडोशाला पाठ लावून उभी राहिली. हाताच्या मुठी अशा वळलेल्या की मला भीती वाटली. प्रार्थनेला आलेल्या बायका दारातच थबकल्या.

तेवढ्यात फिलूबय आतून आली. सगळ्यांना वाटत होतं म्हातारी जुजेच्या बाजूची आहे, कारण पोरं त्याची, नातवंडं त्याची. ती हळूहळू चालत बाकाच्या आपल्या टोकाला गेली, बसली, पायफळीवर पाय ठेवले आणि म्हणाली, "जुजे, मासली ठेवाची हाय ना तुला? माज्या टकुऱ्यावर ठेव. मी हितंच बसलेय."

"बय, इनास गेला," जुजे म्हणाला. "मेला तो, बय."

"मेला असंल. मी बगितला न्हाय. कोनी आनून दावला तर मी उठीन."

कुऱ्हाड आली नाही. बायकांनी त्या तिघांच्या बाकाभोवती बसून माळ म्हटली, म्हातारी एका टोकाला आणि दुसरं टोक रिकामं. मासळी मागेच राहिली आणि पुढच्या पावसाळ्यात ती कुजली, जुजेचं एक मूलही त्याच पावसाळ्यात छातीच्या दुखण्याने गेलं. ते लहान होतं. त्याची पेटी लहान, ती आडोशाच्या कडेने सहज निघाली. त्या दिवशी मोनी जुजेच्या बायकोजवळ जाऊन बसली, पण त्या दोघी एकमेकींशी काय बोलल्या असतील याचा विचार मी आजही करू शकत नाही. कोरडी खोली मिळाली असती तर ते मूल वाचलं असतं का? कोण सांगणार. पोरं तेव्हा सगळीकडेच जात होती. जुजेने मात्र पुन्हा कधी खोली मागितली नाही.

लढाई संपली. बोटीवरचे लोक परत यायला लागले. उत्तनचा, गोराईचा, कुठलाही खलाशी परतला असं कळलं की मोनी त्याच्या घरी चालत जायची. काय विचारायची ते सांगायला नको. फिलूबय बाकावर बसून दाराकडे बघायची, तिच्या मुलाने सांगितलं होतं तसंच. मी त्या बाजूला कामाला गेलो की घटकाभर टेकायचो, पण बाकावर नाही, उंबऱ्यावर. एकदा तिने मला विचारलं, "मिस्त्री, ती फली गेलीबिली न्हाय ना कुजून? खालची?" मी बघून सांगितलं, काही झालेलं नाही बय, पक्कं आहे. ती म्हणाली, "पक्कं हाय म्हनूनच उठाया येत न्हाय."

त्यानंतरच्या थंडीत फिलूबय गेली. जुजे स्वतः मला सांगायला आला. पेटीचं माप घेतानाच मला पुढचं सगळं दिसत होतं. म्हातारी अंगाने लहान होती, पण तरी पेटी मुलाच्या पेटीएवढी होत नाही. रिकामी पेटी आम्ही उभी करून, तिरपी करून आडोशाच्या बाजूने आत घेतली. भरलेली पेटी तशी नेता येत नाही. मी पिशवीत करवत टाकून आणली होती आणि ती पिशवी अंगणात भिंतीला टेकवून ठेवली. करवत वापरा म्हणून सांगायचा अधिकार माझा नव्हता.

फादर आले, प्रार्थना झाली. झाकण नुसतं वर ठेवलेलं, ठोकायचं चर्चमध्ये. सहा माणसांनी पेटी उचलली आणि दाराकडे वळवायला घेतली. पायाकडची बाजू आडोशाला आपटली. मागे घेतली, दुसऱ्या बाजूने वळवली, तर डोक्याकडची बाजू आल्ताराला लागायला आली. खोली अरुंद, दार कोपऱ्यात. खांद्यावरून वर उचलली तर आडोसा त्याहून उंच. मागून कुणीतरी म्हणालं, "उभी करा थोडी." आईला उभं करून कोण नेईल? पेटी परत खाली ठेवली. ठेवताना आतून काहीतरी सरकल्याचा आवाज आला आणि जुजेची बायको ओरडून रडायला लागली.

जुजेने कुणाला दोष दिला नाही. मोनीला तर नाहीच. नुसता पेटीजवळ खाली बसला, दोन्ही हात झाकणावर ठेवून. सगळे मोनीकडे बघत होते, आणि तिला ते कळत होतं. ती बाकाच्या मधल्या जागी उभी होती, गुडघे बाकाला टेकवून. तिने बाकाकडे बघितलं, पेटीकडे बघितलं.

"मिस्त्री, करवत हाय?"

"आहे."

"काप."

"कुठून?" मी विचारलं, जरी मला माहीत होतं.

"इनासच्या जागंवरनं. आडोश्यासंगं." आणि मग, माझ्याकडे न बघता, "थांब. आदी झाकान उगड."

मी इनासच्या जागेवरचं झाकण उचललं. कप्प्यात त्याचे कपडे होते. लग्नातला पांढरा सदरा, विजार, एक जुनी पट्टेरी बंडी, आणि चपला, बोटीवर जाताना घरी ठेवलेल्या, तळाला अजून उत्तनची लाल माती. सगळं घडी घालून ठेवलेलं, कापूर घातलेलं. तिने ते दोन्ही हातांनी उचललं, पेटीकडे गेली आणि जुजेला म्हणाली, "भाऊ, झाकान सरकव."

जुजेने झाकण सरकवलं. तिने सदरा म्हातारीच्या अंगावर पसरला, विजार आणि बंडी कुशीशी ठेवली, चपला पायाशी. एक हात म्हातारीच्या कपाळावर ठेवला आणि म्हणाली, "बय, आनलाय त्याला. आता ऊठ."

फादरांनी मान खाली घातली. जुजे तिच्या पायाशी डोकं टेकून लहान मुलासारखा रडत होता. मी करवत चालवत होतो आणि मला रेघ दिसत नव्हती. हाताच्या अंदाजाने कापत गेलो. सागवान जुनं झालं की कापताना गोड वास येतो, तो त्या दिवशी आला आणि मला त्याचा राग आला. आडोसा आडवा झाला, इनासची जागा सुटी झाली, आणि खोली इतकी मोठी दिसायला लागली की लोक बावरून बाजूला झाले. सहा जणांनी पेटी उचलली. ती कुठेही न लागता वळली, पाय पुढे, आणि दारातून सरळ बाहेर गेली. माझी मापं तशी चुकत नाहीत.

मोनी माहेरी गेली नाही. त्याच संध्याकाळी जुजेची बायको पोरांच्या गोधड्या उचलून पुढच्या खोलीत घेऊन आली आणि बाकाच्या उरलेल्या तुकड्यावर आणि त्याच्यासमोर पोरं झोपली. मोनीने जागा दिली. ती पुढे त्या पोरांतच राहिली, त्यांनाच मोठं केलं.

कापलेल्या जागेची कड ओबडधोबड राहिली होती. मी म्हटलं, रंधा मारून साफ करून देतो. ती नको म्हणाली. मग सुट्या झालेल्या फळीचं काय करू, असं मी विचारलं. ती इनासच्या मापाची फळी, त्याच्या लांब पायांसाठी केलेली, पुरुषभर रुंद, अजून कणभर न वाकलेली. तिने हात फिरवला आणि म्हणाली, "ह्याचा क्रूस कर. बयच्या उशाला. नि नाव दोन लिही."

मी तो क्रूस केला. त्यालाही खिळा नाही, सांध्यात बसवलाय. वरच्या ओळीत फिलू, खालच्या ओळीत इनास. तो खांद्यावर घेऊन मी घराबाहेर निघालो तेव्हा मोनी दारात उभी होती. तिने दोन्ही बाजूंना बघितलं, फळी चौकटीला कुठे घासत तर नाही ना म्हणून, आणि म्हणाली, "सांभालून. लागाचा न्हाय त्याला."